स्कोअरशीटवर नसलेल्या दुखापती : महाविद्यालयाच्या क्रीडा विभागास खुले पत्र

प्रति,
क्रीडा संचालक, क्रीडा समितीचे सर्व सदस्य आणि सर्व संघांचे प्रशिक्षक यांस,

सविनय नमस्कार.

नव्या हंगामासाठी आपण काढलेले परिपत्रक मी वाचले. त्यात दोन निर्णय आहेत. पहिला असा, की यापुढे फिजिओथेरपिस्ट फक्त सामन्यांच्या दिवशी उपस्थित राहतील, कारण ‘सरावात गंभीर दुखापती होण्याचे प्रमाण नगण्य आहे’. दुसरा असा, की संघात निवड झालेल्या प्रत्येक खेळाडूने हमीपत्रावर सही करून सरावात वा सामन्यात होणाऱ्या कोणत्याही दुखापतीची जबाबदारी स्वतःवर घ्यावी. सही न करणाऱ्याचे नाव संघातून वगळले जाईल. आपल्याच संघाकडून एक हंगाम खेळलेली आणि पुढचे दोन हंगाम गुणलेखकाच्या टेबलावर बसलेली विद्यार्थिनी म्हणून मला हे दोन्ही निर्णय मान्य होण्यासारखे नाहीत. मी आपल्याला खासगी पत्रही पाठवू शकले असते. पण ज्या मुलामुलींपुढे ते हमीपत्र ठेवले जाणार आहे, त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी सही करण्यापूर्वी हे वाचावे अशी माझी इच्छा आहे, म्हणून पत्र खुले ठेवले आहे.

माझ्यावर काय गुदरले ते आधी सांगते, कारण त्याशिवाय माझा आग्रह कळणार नाही. मी बास्केटबॉल खेळत होते. दुसऱ्या वर्षी हंगामपूर्व सराव सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात रिबाउंडसाठी मारलेल्या उडीतून खाली येताना माझा उजवा पाय दुसऱ्या मुलीच्या बुटावर पडून घोटा मुरगळला. सूज होती, पण चालता येत होते. निवड चाचणी तोंडावर आली होती. घोट्याला घट्ट पट्टी गुंडाळून मी तिसऱ्या दिवशी कोर्टवर उभी राहिले. खेळच, अशी सक्ती माझ्यावर कोणीही केली नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. पण थांब असेही कोणी म्हटले नाही, आणि ते सांगण्याचे ज्ञान ज्या एका माणसाकडे असते तो माणूस त्या आठवड्यात तिथे नव्हता. नऊ दिवसांनी, आजूबाजूला कोणीही नसताना, मी वेगात धावता धावता थांबले आणि वळले. बुटाचा तळ फरशीला धरून राहिला, गुडघा आतल्या बाजूला गेला आणि काहीतरी तटकन तुटल्याचा आवाज माझा मलाच ऐकू आला.

त्यानंतरची दहा मिनिटे मला अजून जशीच्या तशी आठवतात. प्रशिक्षक धावत आले. दोन मुली बर्फ आणायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या, कारण प्रथमोपचाराचे साहित्य ठेवलेल्या कपाटाला कुलूप होते, आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असे ते कर्मचारी सराव सुरू होण्याच्या एक तास आधीच घरी गेलेले असत. ‘मुरगळलं असेल, उद्यापर्यंत बघू,’ असे ठरले. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून मी लंगडत जिना उतरले. गुडघ्यातले अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट (लिगामेंट म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा अस्थिबंध), म्हणजे सगळे ज्याला एसीएल म्हणतात ते, पूर्ण तुटले आहे हे कळायला पुढे तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तोच गुडघा दोनदा दगा देऊन मी पडले.

शस्त्रक्रियेनंतर खेळणे थांबले, पण संघ सोडवेना, म्हणून मी गुणलेखनाचे काम मागून घेतले. बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर प्रत्येक बास्केटची नोंद होते, प्रत्येक फ्री थ्रोची होते, टाइम-आउटची होते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे फाउलचे पाच चौकोन असतात आणि पाचवा चौकोन भरला की तो खेळाडू सामन्यातून बाहेर जातो. इतक्या काटेकोर कागदावर दुखापतीसाठी मात्र एकही चौकोन नाही. सामन्यात एखादी मुलगी लंगडत बाकावर येई आणि तिच्या जागी दुसरी जाई, तेव्हा त्या कागदापुरता एवढाच अर्थ असे की बदली खेळाडू आत आली. मला ते खटकू लागले. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर रकाने आखले : तारीख, कोण, कोणता अवयव, सराव की सामना, किती दिवस बाहेर. पहिले पान हंगामपूर्व सरावाच्या महिन्यातच भरले. सामन्यांसाठी राखलेले पान हंगाम संपला तरी अर्धे कोरे होते. आपल्या परिपत्रकातला ‘नगण्य’ हा शब्द वाचल्यावर मी ती वही पुन्हा काढली.

एका मुलीची वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. म्हणून ज्यांनी हे काम दशकानुदशके पद्धतशीर केले आहे त्यांच्या नोंदी आपल्यापुढे ठेवते. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, १९८२ पासून खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवत आली आहे. तिची मोजण्याची पद्धत साधी आहे. एक खेळाडू एका सरावाला किंवा एका सामन्याला उतरला की तो एक ‘सहभाग’ धरायचा आणि दर हजार सहभागांमागे किती दुखापती झाल्या ते पाहायचे. वैद्यकीय मदत घ्यावी लागली आणि त्या दिवसानंतर किमान एक दिवस खेळावर मर्यादा आली, तरच ती दुखापत धरायची. खरचटणे, ओरखडे त्यात येत नाहीत. १९८८-८९ ते २००३-०४ या १६ वर्षांत १५ खेळांमध्ये अशा १,८२,००० हून अधिक दुखापती नोंदल्या गेल्या. सामन्यांत हजार सहभागांमागे १३.८ आणि सरावात ४.०, असे सरासरी प्रमाण निघाले. निम्म्याहून अधिक दुखापती कमरेखालच्या, मुख्यतः गुडघ्याच्या आणि घोट्याच्या होत्या, आणि एकट्या घोट्याच्या लिगामेंटच्या दुखापतीच सुमारे १५ टक्के होत्या.

सामन्यातले प्रमाण सरावाच्या तिपटीहून जास्त आहे, मग आमचा निर्णय बरोबरच ठरला, असे आपण म्हणाल. नेमकी इथेच गल्लत होते. सामने मोजके असतात आणि सराव जवळजवळ रोजचा असतो. १५ जणींचा संघ हंगामात १०० दिवस सराव करतो असे धरले, तर सरावाचे १,५०० सहभाग होतात आणि वरच्या प्रमाणाने सहा दुखापती निघतात. तोच संघ २० सामने खेळला आणि प्रत्येक सामन्यात दहा जणी कोर्टवर उतरल्या, तर सहभाग होतात २०० आणि दुखापती निघतात जेमतेम तीन. म्हणजे १५ जणींच्या संघात एका हंगामात नऊ दुखापती, आणि त्यांतल्या सहा आपण ज्या दिवसांतून फिजिओंना काढून टाकले त्या दिवसांत. हा माझा कागदावरचा हिशेब झाला, पण प्रत्यक्ष मोजणी त्याच्याशी जुळते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २५ महाविद्यालयीन खेळांचा पाच वर्षांचा अंदाज दिला आहे : एकूण १०,५३,३७० दुखापती, म्हणजे वर्षाला सरासरी २,१०,६७४. त्यांपैकी सुमारे ६४ टक्के सरावात झालेल्या आहेत.

हंगामपूर्व सरावाची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. वर सांगितलेल्या १६ वर्षांच्या नोंदींत हंगामपूर्व सरावात हजार सहभागांमागे ६.६ दुखापती होत्या, तर हंगाम सुरू झाल्यानंतरच्या सरावात २.३, म्हणजे जवळपास तिप्पट फरक आहे. त्याची कारणे मैदानावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसतात. सुट्टीत अंग सैलावलेले असते, पहिल्या दिवसापासून सरावाचा भार एकदम वाढवला जातो, निवड व्हायची असल्याने प्रत्येक जण जिवाच्या आकांताने खेळतो, आणि दुखले तरी सांगत नाही. याच आठवड्यांत जाणकार माणूस मैदानावर असायला हवा. आपल्या नव्या वेळापत्रकात पहिला सामना होईपर्यंत, म्हणजे हे सगळे आठवडे उलटून जाईपर्यंत, फिजिओ येणारच नाहीत. ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

दुसरी तक्रार ‘नगण्य’ या शब्दाबद्दलच आहे. ते प्रमाण आपण कशावरून ठरवले? विभागात दुखापतींची नोंदवही नाही, हे मला दोन वर्षांच्या कामावरून ठाऊक आहे. विम्याच्या कागदांवर किंवा रुग्णालयात नेण्याच्या नोंदींवर आपण विसंबला असाल, तर त्या नोंदींत फारच थोडे सापडेल. वरच्या अहवालानुसार शस्त्रक्रिया लागलेल्या दुखापती अवघ्या ४ टक्के होत्या आणि तातडीने रुग्णालयात न्याव्या लागलेल्या तर १ टक्क्याहूनही कमी. सात किंवा अधिक दिवस खेळाबाहेर ठेवणाऱ्या दुखापती मात्र जवळपास २२ टक्के होत्या, म्हणजे पाचातली एक. रुग्णवाहिका यावी लागली नाही म्हणून दुखापत झालीच नाही, असे धरायचे असेल तर माझे एसीएलही त्या संध्याकाळी तुटले नव्हते. मी माझ्या पायांनी जिना उतरले होते.

तिसरी तक्रार हमीपत्राविषयी. खेळात दुखापती होणारच, हे मला मान्य आहे. धावणे, उड्या मारणे, एकमेकांना भिडणे यात धोका आहे आणि तो पत्करूनच आम्ही मैदानात उतरतो. धोका समजावून सांगणारे आणि तो समजल्याची सही घेणारे पत्र असते तर मी विरोध केला नसता. आपले हमीपत्र धोका कोणता, किती, तो कमी करण्यासाठी विभाग काय करणार, यांपैकी काहीच सांगत नाही. ते फक्त जबाबदारी एका बाजूची दुसऱ्या बाजूला सरकवते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलापुढे संघ किंवा सही असे दोनच पर्याय ठेवले तर तो सहीच करणार. त्या सहीला संमती म्हणणे मला जड जाते.

त्याचा मैदानावर होणारा परिणाम याहून वाईट आहे. आपल्याकडे दुखणे अंगावर काढणाऱ्या खेळाडूचे कौतुक होते आणि दुखते असे सांगणाऱ्यावर अंग चोरल्याचा ठपका बसतो. बाकावर बसलेल्या मुलीला ‘काय, आज पण दुखतंय का?’ असे विचारताना ते कोणी फार दुष्टपणे विचारत नाही, पण पुढच्या वेळी ती मुलगी बोलत नाही. आता त्यात हमीपत्राची भर पडली, की दुखणे सांगणे म्हणजे आपल्याच अंगावर खर्च आणि दोष ओढवून घेणे होईल. मग लहान दुखापती लपवल्या जातील, आणि लपवलेली लहान दुखापत मोठीला वाट करून देते. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, हे क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. डोक्याला मार बसल्यानंतरची लपवालपवी तर थेट जिवाशी येऊ शकते. मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तरी त्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही, आणि पुढेही टप्प्याटप्प्यानेच परतायचे, हा नियम जगभर मान्य आहे. पण तो लागू करायचा तर शंका घेणारे कोणी जवळ हवे आणि खेळाडूने खरे सांगायला हवे. आपल्या दोन निर्णयांनी या दोन्ही गोष्टी एकदमच काढून घेतल्या आहेत.

परत केव्हा खेळायचे हे कोण ठरवते, हा माझा चौथा मुद्दा. हो, चौथाच, क्रम महत्त्वाचा नाही, पण हा मुद्दा सुटू नये. सध्या तो निर्णय प्रशिक्षक आणि खेळाडू मिळून घेतात, आणि पुढच्या आठवड्यात महत्त्वाचा सामना असेल तर दोघांनाही एकच उत्तर हवे असते. मी प्रशिक्षकांना दोष देत नाही. माझ्या प्रशिक्षकांनी शस्त्रक्रियेनंतर घरी येऊन माझी चौकशी केली, ते मी विसरलेले नाही. पण संघ जिंकवणे ज्याचे काम आहे त्याच्यावरच खेळाडूला थांबवण्याचे ओझे टाकणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांमध्ये गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका बराच वाढतो, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले : नवव्या महिन्यापर्यंत परतीचा प्रत्येक महिना लांबवला की तो धोका सुमारे निम्म्याने कमी होत गेला. त्याच वर्षी, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, २५ वर्षांखालील जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर खेळात परततात त्यांच्यापैकी जवळपास चारातल्या एकाचे एसीएल पुन्हा तुटते, त्याच गुडघ्याचे किंवा दुसऱ्या. आपल्या विभागात या बाबतीत लेखी नियम एका ओळीचाही नाही.

आणि हे सारे केवळ त्या हंगामापुरते नसते. एसीएल किंवा गुडघ्यातली गादी फाटलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना पुढच्या दहा ते वीस वर्षांत सांध्याची झीज होऊन वेदना सुरू होतात. विसाव्या वर्षी झालेली इजा म्हणजे चाळिशीच्या आत जिना चढताना आधार शोधणारी बाई. आपल्या हमीपत्राची मुदत एका हंगामाची आहे. गुडघ्याची मुदत तशी नसते.

मुलींच्या संघांबद्दल मला वेगळे लिहिले पाहिजे. बास्केटबॉल आणि फुटबॉलमध्ये मुलींच्या एसीएलला इजा होण्याचे प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक असल्याचे महाविद्यालयीन नोंदींतून १९९० च्या दशकातच दिसून आले. यातल्या बहुतेक इजा कोणाशी टक्कर न होता, थांबताना, वळताना किंवा उडीनंतर पाय टेकताना होतात. म्हणजे त्या नशिबाचा खेळ नाहीत. पाय कसा टेकावा, गुडघा कसा सांभाळावा हे शिकवता येते. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप यासाठीच आहे : धावणे, पोटऱ्या-मांड्या-कंबर यांची ताकद, तोल, उडी आणि नीट उतरणे. नॉर्वेतील तरुण मुलींच्या संघांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमेरिकेतील महाविद्यालयीन पुरुष फुटबॉल संघांमध्ये ही घट ४६ टक्के होती. त्याला यंत्रे लागत नाहीत, वेगळी जागा लागत नाही. माझ्या वेळी मुलांच्या संघाचा सराव लांबला की आमच्या वेळेतून कपात व्हायची, आणि पहिली कपात वॉर्म-अपला लागायची. दोन फेऱ्या मारा आणि चेंडू घ्या. माझा गुडघा तुटला त्या दिवशीही आम्ही दोनच फेऱ्या मारल्या होत्या.

आणीबाणीच्या तयारीबद्दल मी कुलपाचा उल्लेख वर केला. तो मी राग काढायला केलेला नाही. माझ्या बाबतीत त्या बंद कपाटामुळे थोडा बर्फ मिळाला नाही, एवढेच. २९ मे २०१८ रोजी अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेअर संघाच्या व्यायामात धावताना उष्माघाताने कोसळला आणि १३ जून रोजी त्याचा मृत्यू झाला. उष्माघातात आधी थंड पाण्यात बुडवून शरीर थंड करायचे आणि मग रुग्णालयात न्यायचे, हा नियम प्रस्थापित आहे आणि तो अर्ध्या तासाच्या आत पाळला तर रुग्ण वाचतो. त्या दिवशी मॅकनेअरला थंड पाण्यात बुडवले गेले नव्हते. त्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पुढे ऑगस्टमध्ये संस्थेची कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. हेही सरावातच घडले होते, सामन्यात नव्हे, आणि तिथे तर प्रशिक्षित कर्मचारी हजर होते. आपल्याकडे ते हजरही नसतील. हृदय अचानक बंद पडलेल्या खेळाडूसाठी एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, लागते, आणि ते वापरायला उशीर झाला तर प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता घटत जाते. आपल्या संकुलात ते यंत्र कुठे आहे, हे मी तीन वर्षांत कोणाकडूनही ऐकले नाही.

वर जे लिहिले त्यावरून माझ्या मागण्या स्पष्ट असतील, तरी त्या सरळ शब्दांत मांडते.

परिपत्रकातील दोन्ही निर्णय मागे घ्यावेत. फिजिओथेरपिस्टना सर्व दिवस बोलावणे शक्य नसेल आणि दिवसांची निवडच करायची असेल, तर हंगामपूर्व सरावाचा प्रत्येक दिवस आधी धरावा आणि मग बाकीच्यांचा विचार करावा. सरावाच्या वेळी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती मैदानावर असावी, कपाटाची किल्ली त्या व्यक्तीच्या खिशात असावी, आणि आणीबाणीत कोणी काय करायचे हे लिहिलेला कागद प्रत्येक मैदानावर व कोर्टवर लावावा. त्यावर एईडी आणि बर्फ कुठे आहे हेही लिहावे.

दुखापतींची नोंदवही सुरू करावी. रकाने पाच पुरतात. मी ते आखून दिले आहेत. खेळाडूंची नावे गुप्त ठेवून त्या वर्षाचे एकूण आकडे प्रत्येक हंगामाच्या शेवटी प्रसिद्ध करावेत, म्हणजे पुढच्या वेळी ‘नगण्य’ लिहायचे की नाही हे वहीवरून ठरेल. नोंद केल्यामुळे कोणत्याही खेळाडूची निवड धोक्यात येणार नाही, असे विभागाने लेखी द्यावे.

जखमी खेळाडूला परत खेळण्याची परवानगी देण्याचा अधिकार डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांनाच असावा, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर प्रशिक्षकांनी त्या खेळाडूला मैदानात उतरवू नये. सर्व संघांसाठी, आणि मुलींच्या संघांसाठी विशेष आग्रहाने, वीस मिनिटांचा दुखापत-प्रतिबंधक वॉर्म-अप सरावाचा भाग म्हणून वेळापत्रकात घालावा. मैदान उशिरा मिळाले तरी तो कापू नये. हंगामपूर्व काळात भार हळूहळू वाढवावा आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. एनसीएएने १९९१ पासून हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक सुट्टीचा दिवस घालून दिला आहे. आपल्याकडे अशी मर्यादा घातल्यास कोणाच्या खेळाचे नुकसान होईल असे मला वाटत नाही.

हमीपत्राऐवजी दोन्ही बाजूंनी सही करायचे माहितीपत्र तयार करावे. त्यात खेळाडूने दुखणे न लपवण्याचे कबूल करावे आणि विभागाने वरच्या गोष्टी पुरवण्याचे कबूल करावे. सरावात झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा खर्च, दुखापतीनंतरचे पुनर्वसन आणि त्या काळात बुडालेल्या तासिका व परीक्षा यांची सोय कशी होणार, हेही त्यात लिहिलेले असावे. मी शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या परीक्षेला गेले होते, कारण खाली बसवण्याची सोय आहे की नाही हे कोणालाच सांगता येईना.

खर्चाचा प्रश्न येईल, याची मला कल्पना आहे. वॉर्म-अप, नोंदवही, किल्ली आणि भिंतीवरचा कागद यांना पैसे लागत नाहीत, तेवढे तरी सराव सुरू होण्यापूर्वी करता येईल. फिजिओंच्या मानधनासाठी तरतूद कमी पडत असेल तर ती किती कमी पडते ते आपण जाहीर करावे; माजी खेळाडूंपैकी अनेक जण त्यात हातभार लावायला तयार होतील आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम मी करीन. परंतु तरतूद नाही म्हणून धोका नाही, असे लिहू नये.

मी खेळले याचा मला पश्चात्ताप नाही. संध्याकाळी दिवे लागल्यावर फरशीवर घासणाऱ्या बुटांचा आवाज ऐकला की आजही पाय आपोआप तिकडे वळतात. नवीन मुली येतात, त्यांच्या घोट्यांवरच्या पट्ट्या पाहते आणि विचारते, ‘केव्हा झालं?’ बहुतेक जणी आधी सरांकडे बघतात आणि मग ‘काही नाही ताई’ म्हणतात.

हंगामपूर्व सराव सुरू होण्याआधी क्रीडा समितीने या विषयावर बैठक घ्यावी आणि तीत खेळाडूंचे दोन प्रतिनिधी बोलवावेत, अशी विनंती करते. माझी वही मी त्या बैठकीत आणून देईन. त्यातली नावे मी खोडली आहेत. तारखा, अवयव आणि दिवस तसेच ठेवले आहेत. नव्या नोंदवहीच्या पहिल्या हंगामाचे काम करायला कोणी नसेल तर ते मी विनामोबदला करीन. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
संघाची एक माजी खेळाडू व गुणलेखक